सेनापती थिओदोरचा बुधवार

१

पत्र वाचून संपायच्या आत डीकन झोसिमासच्या थोबाडीत बसली. मारली कारभारी ख्रिसांथोसनं, आणि तीही महाबिशपांच्या समोर, भरल्या सभेत, चौदा पाद्र्यांच्या देखत. पत्र मीच वाचत होतो, कारण महाबिशपांच्या दफ्तराचा रखवालदार मी. मी थांबलो, तर महाबिशप एव्हारेस्त म्हणाले, "अँथिमोस, पुढे वाचा."

पुढे काय वाचणार, कपाळ! चार दिवसांपूर्वी हा झोसिमास बायको आणि लहान मुलगी खेचरावर बसवून सरहद्दीवरच्या लिथोकास्त्रोहून आला होता. हल्ल्यात तिथलं देऊळ जळालं, पाठोपाठ बिशप निकोन वारले. मरायच्या आधी त्यांनी याला आमच्या महाबिशपांच्या नावे शिफारसपत्र दिलं होतं. परगावच्या डीकनाला, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालच्याला, असं पत्र नसेल तर कुठलाही बिशप वेदीजवळ उभा करत नाही. पत्र बंद असतं, आणणाऱ्याला आतलं माहीत नसतं, आणि ते फोडायचं महाबिशपांनी, सभेसमोर. महाबिशप खेड्यापाड्यांत फिरतीवर होते, म्हणून ते माझ्या पेटीत पडून राहिलं.

आज सकाळी मी दोरी कापली. शिशाचा शिक्का घरंगळून माझ्या मांडीवर पडला. माझे हात हल्ली कापतात, म्हणून तिकडे मी लक्ष दिलं नाही. बाहेर नाव आमच्या महाबिशपांचं होतं, शिक्का निकोनचा होता, आणि आत आंधळ्या माणसाने लिहिल्यासारख्या वाकड्यातिकड्या ओळी.

"हे पत्र घेऊन येणाऱ्या झोसिमासला मी पदावरून काढलं आहे," मी वाचलं. "दोन वर्षांपूर्वी संत सेनापती थिओदोरच्या सणाला, जो बुधवारी आला होता, याने उपवास मोडून सैनिकांबरोबर कोकराचं मांस खाल्लं. जाब विचारला तर माझ्या तोंडावर हसला. याच्या एका शब्दावरही विश्वास ठेवू नये. दाढी उतरवून मठात डांबावं."

"उपवास नव्हता त्या दिवशी!" झोसिमास ओरडला. "आमच्या बिशपांनी स्वतः..."

तेवढ्यात ती थप्पड बसली.

"बुधवारी उपवास नव्हता? कुठल्या देशात रे?" ख्रिसांथोस दात खाऊन म्हणाला. "स्वामी, याने आल्या दिवशी जेवताना स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी थिओदोरच्या सणाला कोकरू भाजलं, तेवढ्यात हल्लेखोर आले, आणि हा तंगडी हातात धरून तटावर पळाला. आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हा वार कुणाच्या लक्षात आला? निकोन म्हातारा शहाणा. चोराला त्याच्याच पायांनी पाठवला."

हे खरं होतं. मीसुद्धा हसलो होतो.

महाबिशपांनी निकाल दिला: रविवारी, देवळाच्या पायऱ्यांवर, लोकांसमोर दाढी उतरवायची, म्हणजे पद कायमचं गेलं. आज गुरुवार होता. निकोन मेलेले, म्हणजे खरंखोटं विचारायला जगात कुणी उरलं नव्हतं. झोसिमासला तेलाच्या कोठारात कोंडलं, आणि ख्रिसांथोसचा पुतण्या, जो वर्षभर त्याच डीकनपदावर डोळा ठेवून होता, लगेच झग्याचं माप द्यायला गेला.

२

कोठाराच्या दारात झोसिमासची बायको थेक्ला बसली होती. मला बघून उठली नाही.

"तूच ना तो वाचणारा?"

"हो बाई."

"मग वाचताना जीभ नाही झडली? अकरा वर्षं नवऱ्यानं त्या म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढलं. त्याच्या जेवणातले काटे मी काढत होते, मी! आणि तो असं लिहील?"

"शिक्का त्यांचाच आहे."

"शिक्क्याला चाटून बसा तुम्ही लोक," ती म्हणाली आणि पोरीला कुशीत ओढून तोंड फिरवलं.

मला राग आला. आत गेलो तो राग घेऊनच. झोसिमास तेलाच्या रांजणाला टेकून बसला होता, ओठ सुजलेला.

"पत्र कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"बिशपांनीच. त्यांचं बाकीचं प्रत्येक पत्र अकरा वर्षं मी लिहिलं. त्यांना दिसत नव्हतं. पण माझीच शिफारस मी कशी लिहिणार? म्हणाले, बाहेर जा, दार लाव. अख्खी दुपार एकटेच खरडत बसले होते."

"हे तू इथे कुणाला सांगितलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी, जेवताना. तुम्ही नाही का विचारलंत, निकोनचं अक्षर इतकं सुरेख कसं? मी म्हटलं, ते माझं."

आठवलं मला. "आणि त्या दिवशी बुधवार होता?"

"वार नाही आठवत हो. सण आठवतो. सैनिकांचा संत, सैनिकांनी कोकरू आणलं, बिशपांनी चाचपडत पहिला तुकडा मला वाढला. उपवास असता तर त्यांनी वाढला असता का? एवढं तरी विचार करा!"

"बिशपानेच तुला उपवासाला मांस वाढलं, असं सभेत बोललास तर दाढीबरोबर जीभही जाईल," मी म्हणालो.

"मग काय बोलू? खोटं बोलू?" तो किंचाळला. "तुम्हाला तेच आवडतं ना इथे!"

बाहेर आलो तेव्हा माझं डोकं तापलं होतं. असल्या उद्धट माणसासाठी मी गुडघे दुखवत जिने का चढतोय, हेच मला कळेना. पण दफ्तरात येऊन मी पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, तारखांची पोथी काढली. ती फक्त माझ्या कुलपात असते. वर्षाला एक ओळ: कोणती तारीख कोणत्या वारी, पास्खा कधी, आणि त्यावरून सगळे उपवास.

दोन वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवलं, दोनदा मोजलं, आणि तसाच महाबिशपांकडे निघालो.

३

महाबिशप जेवत होते. ख्रिसांथोस वाढत होता, आणि देवळाचा भांडारी गेलासिओस पात्रांची यादी घेऊन उभा होता.

"स्वामी, पत्र खोटं आहे," मी म्हणालो.

"शिक्का?"

"शिक्क्याचं नंतर बघू. सेनापती थिओदोर येतो आठ फेब्रुवारीला. त्या वर्षी तो बुधवारीच आला होता, ते बरोबर. पण पास्खा होता सोळा एप्रिलला. मागे मोजा. तो बुधवार जकातदाराच्या आठवड्यातला."

महाबिशपांचा चमचा हवेतच राहिला. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की जकातदार आणि परूशाच्या रविवारनंतरचा आठवडा उपवासाचा नसतो. बुधवारीही मांस चालतं, शुक्रवारीही. त्या आठवड्यात आर्मेनियन लोक कडक उपवास करतात, म्हणून आम्ही मुद्दाम, त्यांना दाखवून खातो. त्या दिवशी न खाणाऱ्याचा संशय घेतात, खाणाऱ्याचा नाही.

"निकोन सत्तर वर्षं बिशपाच्या घरात वावरलेला माणूस," मी म्हणालो. "तो या बुधवारी मांस खाणं गुन्हा ठरवील?"

ख्रिसांथोसने पातेलं आपटलं. "मग उघडच आहे की! त्या आठवड्यात उपवास कोण करतो? आर्मेनियन. तुझ्या दफ्तरात बसतो कोण? सर्गिस. पेटीची किल्ली तुझ्या खिळ्यावर, आणि खिळा त्याच्या नाकासमोर. आर्मेनियन आईचं दूध प्यायलाय, चुकून तेच बाहेर पडलं!"

सर्गिस माझा लेखनिक. दहा वर्षांपूर्वी आमच्या पंथात आलेला, अबोल, नेकीने काम करणारा. मी झोसिमासला सोडवायला गेलो, आणि दुसऱ्याचा गळा पकडून दिला.

"त्याला झोसिमासशी काय वैर?" मी विचारलं.

"वैर त्याला आपल्या सगळ्यांशीच आहे," ख्रिसांथोस म्हणाला. "डीकनला सोडा वाटल्यास. रविवारी याला चढवू पायरीवर."

"पण डीकनचं खरं पत्र कुठे आहे?" महाबिशप म्हणाले. "ते नसेल तर डीकनही माझ्या कामाचा नाही. शनिवारपर्यंत शोधा, अँथिमोस. नाहीतर दोघांचंही काय करायचं ते मी बघतो."

४

पेटीपर्यंत जाणारे तिघेच. सर्गिस तिथेच बसतो. ख्रिसांथोस जमिनींचे कागद बघायला येतो. आणि गेलासिओसचं मेणबत्त्यांचं कोठार दफ्तराच्या आतल्या बाजूला आहे, त्याला माझ्यासमोरूनच जावं लागतं. मी तिघांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं.

सर्गिस हात बांधलेल्या स्थितीत बाकावर बसला होता.

"त्या वर्षी संत अंतोनीचा सण कोणत्या वारी आला होता?"

"मला कसं ठाऊक? पोथी तुमच्याकडे असते." मग तो एकदम भडकला. इतक्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "जकातदाराच्या आठवड्यात मी काय खातो, ते विचारा ना! तुम्हीच वाढता. दरवर्षी बुधवारी सगळ्या सभेसमोर मला चीज आणि अंडी देता, आणि तो ख्रिसांथोस समोर बसून बघतो, गिळतो की थुंकतो. माझी आई तिकडे उपाशी असते, आणि मी इथे तुमच्यासमोर घास मोजत असतो. तो आठवडा मी विसरेन? तुम्ही विसराल, मी नाही!"

मी त्याचे हात सोडले. ख्रिसांथोसच्या माणसाने अडवलं, तर त्याला दफ्तरी शिव्या दिल्या.

ख्रिसांथोस अंगणात पुतण्याच्या झग्याची कड तपासत होता.

"संत अंतोनी? कोणता वार? म्हातारबा, डोकं फिरलंय का तुझं? दोन वर्षांपूर्वीचे वार मी लक्षात ठेवू? तुझी पोथी कशाला आहे?"

"जकातदाराचा आठवडा तरी आठवतो? त्या वर्षीचा?"

"तो न आठवायला काय झालं! या गाढवाचं लग्न होतं त्या रविवारी. आठवडाभर जेवणावळी. बुधवारी बारा कोकरं उडवली गावाने. तू दोन ताटं घेतलीस, आणि वर म्हणालास मीठ कमी आहे."

"होतंच कमी," मी म्हणालो आणि निघालो. हा माणूस मला सहन होत नाही. पण त्या बुधवारी त्याने बारा कोकरं कापली होती, हे पाठ असलेला माणूस त्या बुधवारला उपवास कसा म्हणेल?

गेलासिओसकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. मागच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हा त्याच्या उशाशी तीन दिवस गेलासिओस बसला होता. शेवटचा प्रसाद त्यानेच दिला. मऊ बोलणारा, पांढऱ्या दाढीचा. अमीराच्या कैदेत तीन वर्षं काढून, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून, दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आलेला.

"बसा, दफ्तरदार. बिचारा सर्गिस! मी कालपासून त्याच्यासाठी प्रार्थना करतोय."

"एक विचारतो. त्या वर्षी संत अंतोनीचा सण कोणत्या वारी होता?"

त्याची बोटं कमरेच्या दोरीवर गेली. ती दोरी सगळ्या गावाला माहीत होती: कैदेतल्या प्रत्येक दिवसाची एक गाठ, रविवारची दुहेरी. बायका तिला डोकं टेकवायच्या.

"मंगळवार," तो हसून म्हणाला. "तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही माझा."

"आणि सण? ते कसे पाळलेत?"

"ठरलेल्या तारखेचे पाळले. पण पास्खा कोण सांगणार कैद्यांच्या तबेल्यात? शेवटच्या वर्षीचा पास्खा होऊन गेला, एवढंच मागाहून कळलं, तारीख नाही. रडलो मी त्या दिवशी."

"साहजिक आहे," मी म्हणालो. पोथीतही मंगळवारच होता, मी आधीच बघून आलो होतो.

परत येऊन मी दार लावलं. निकोनकडून वर्षानुवर्षांत आलेली सहा पत्रं कपाटात होती. त्यातलं सहावं गेलासिओसचं स्वतःचं शिफारसपत्र होतं, दीड वर्षापूर्वी मीच तपासून घेतलेलं. सहाही मेजावर मांडली. मग कालच्या पत्राचा शिक्का उजेडात धरला, आणि सहाव्याचा त्याच्या शेजारी.

मग मी सर्गिसला हाक मारली, कारण मला साक्षीदार हवा होता, आणि पाणीही.

५

शनिवारी सकाळी सभा भरली. झोसिमासला आणलं, थेक्ला पोरीला घेऊन दारातच उभी राहिली. हाकललं तरी हलेना.

"हे पत्र लिहिणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या," मी सुरुवात केली. "एक, थिओदोरच्या सणाला कोकरू खाल्लं. ती जेवताना आपण सगळ्यांनी ऐकली. दुसरी, तो सण त्या वर्षी बुधवारी आला होता. ती इथे कुणालाच ठाऊक नव्हती. खाणाऱ्यालाही नाही. दोन वर्षांपूर्वीचा वार काढायचा तर पोथी उघडावी लागते, आणि पोथी उघडणाऱ्याला त्याच ओळीत पास्खा दिसतो. पास्खा दिसला की कळतं, तो बुधवार खाण्याचा आहे. आपण दिवस लक्षात ठेवतो ते आठवड्यांवरून. जकातदाराचा आठवडा, चीजचा आठवडा. ख्रिसांथोसला लग्नाची तारीख विचारा, सांगता यायची नाही. आठवडा विचारा, कोकरं मोजून दाखवील."

"पुढे बोल," ख्रिसांथोस गुरगुरला.

"सर्गिसला तो आठवडा तुझ्याहून चांगला ठाऊक आहे. तू त्याच्या घशाकडे बघत बसतोस, म्हणून. मग असा माणूस कोण, ज्याला त्या हिवाळ्याचा प्रत्येक वार पाठ आहे, पण पास्खा माहीत नाही? ज्याच्या डोक्यात नुसते वार आहेत, आठवडे नाहीत?"

चौदा माना एकदम त्या दोरीकडे वळल्या. गेलासिओस हलला नाही.

"हा काही पुरावा नव्हे," तो शांतपणे म्हणाला. "मी या डीकनला ओळखतही नाही."

"तेच तर! तू ओळखत नाहीस, आणि तो तुला ओळखत नाही. झोसिमास, दीड वर्षापूर्वी तुझ्या बिशपांनी गेलासिओस नावाच्या पाद्र्याला शिफारसपत्र दिलं होतं?"

झोसिमासने मान हलवली. "सुटलेल्या कैद्यांना वाटेचे परवाने दिले होते, पाच-दहा ओळींचे. शिफारसपत्र कुणालाच नाही. दिलं असतं तर मीच लिहिलं असतं."

मी सहा पत्रं महाबिशपांसमोर ठेवली. पाच एका सुरेख हातातली. सहावं वेगळं. मग सहाव्या पत्राची दोरी शिक्क्यापाशी कापली आणि शिक्का धरून हलवला. दोरी लोण्यातून सुई यावी तशी बाहेर आली. पाचातल्या एकाची दोरी कापून ख्रिसांथोसच्या हातात दिली. "ओढ."

त्याने ओढली. तो अंगाने रेड्यासारखा आहे, पण दोरी शिशात रुतलेली, तसूभरही सरकेना.

"खऱ्या शिक्क्यात शिसं दोरीवर दाबलेलं असतं," मी म्हणालो. "या दोन शिक्क्यांतली जुनी दोरी तापल्या सुईने काढली, नवी ओवली आणि भोक काजळी कालवलेल्या मेणाने बुजवलं. मेण मेणबत्त्यांच्या कोठारातलं. एक शिक्का सुटलेल्या कैद्याच्या परवान्यावरून काढलेला, दुसरा झोसिमासच्या खऱ्या पत्रावरून. दोन्ही पत्रं मी हातात घेतली होती. शिक्का बघितला की पुढचं बघायचं नाही, ही आमची सवय."

महाबिशप उठले. "गेलासिओस, बोल."

त्याने दोरी सोडली आणि मेजावर टाकली. आवाजातला मऊपणा गेला होता.

"मी गेलासिओस नाही. तो पाद्री माझ्याच साखळीत मेला. मी देवळात गाणारा, मला सगळी उपासना पाठ. सुटल्यावर मी तीन शहरांच्या दारांत उभा राहिलो. खरं नाव सांगितलं, खरी कहाणी सांगितली. पत्र आहे का, म्हणाले. नाही म्हटलं तर कुत्री सोडली अंगावर. मग मी पत्र आणलं. तुम्ही माझे पाय धुतलेत! आणि हा सहा दिवसांपूर्वी जेवताना म्हणतो, निकोनचं प्रत्येक पत्र मी लिहिलं. आज ना उद्या माझं पत्र याच्या हाती लागणारच होतं."

मी ओरडलो, "माझ्या भावाला शेवटचा प्रसाद तू दिलास! पाद्री नसताना! माझा भाऊ प्रसादाशिवाय गेला, हरामखोरा!"

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?" तो म्हणाला. "ताप लागेल म्हणून तुम्ही उंबऱ्याबाहेर होतात, दफ्तरदार."

मी खाली बसलो. ते खरं होतं, आणि चौदा जणांना ते ठाऊक होतं.

६

"खरं पत्र?" महाबिशपांनी विचारलं.

"जाळलं."

ख्रिसांथोस हसला. एवढं होऊनही हसला. "मग संपलंच. निकोन मेला, पत्र जळलं. स्वामी, डीकन निर्दोष आहे, मान्य. पण पत्राविना त्याला वेदीजवळ कसा घेणार? नियम नियम आहे. जाऊ दे त्याला दुसऱ्या गावी."

"दुसऱ्या गावी पत्र मागणार नाहीत?" थेक्ला दारातून म्हणाली. "तिथेही कुत्री सोडतील ना?"

महाबिशपांनी मान खाली घातली. मला त्यांची चीड आली, पण नियम मलाही पाठ होता. निकोनने याच्याबद्दल काय लिहिलं, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. आणि ते पत्र वाचलेला जिवंत माणूस एकच होता.

"तू ते वाचलंस," मी गेलासिओसला म्हणालो. त्याला दुसरं कोणतं नाव देणार? "अख्खी उपासना पाठ असलेला गवई तू. एकदा वाचलेलं विसरत नाहीस. सांग."

"का सांगू? उद्या दाढी माझी उतरणार आहे."

"सांगू नकोस," थेक्ला म्हणाली. तिने पोरीला पुढे ढकललं. "फक्त हिला सांग, तिचा बाप कुत्र्यांपुढे जाणार म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग आमच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका तिरस्कार होता की मी नजर काढून घेतली. तो गाण्याच्या आवाजात बोलू लागला, एकेक शब्द सुटा.

"भाऊ एव्हारेस्त. मला दिसत नाही, ओळी वाकड्या गेल्या तर हसू नको. अकरा वर्षं झोसिमास माझे डोळे होता. पास्खाच्या पहाटे माझ्या हातून पवित्र पात्र सांडलं. हा पुढे होऊन म्हणाला, माझा धक्का लागला. लोकांनी त्याला वर्षभर शिव्या घातल्या, आणि मी त्याला सर्वांसमोर शिक्षा केली, कारण मला माझ्या आंधळेपणाची लाज होती. त्याच्या तोंडावर मी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. तू म्हण. आणि त्याला माझ्यासारखा धनी देऊ नको."

"तोतयाने रचलेलं दिसतंय," ख्रिसांथोस पुटपुटला.

"पात्र खरं कुणाच्या हातून सांडलं, हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही," झोसिमास म्हणाला. "मी बायकोलाही सांगितलं नव्हतं."

थेक्लाने तोंडावर हात ठेवला. महाबिशप म्हणाले, "सर्गिस, लिही. जसं बोलला तसं." सर्गिसने लेखणी उचलली. चौदा जणांनी साक्ष दिली, ख्रिसांथोसने सगळ्यात शेवटी, आणि नवा शिक्का मी माझ्या हाताने दाबला. आधीचे शिक्के न तपासल्याबद्दल मला चाळीस दिवस भाकर-पाण्याची शिक्षा झाली. ती कमीच होती.

शिपाई गेलासिओसला नेऊ लागले, तेव्हा झोसिमासने त्याची वाट अडवली. मला वाटलं, आता हा त्याला मारणार, आणि मी अडवणार नव्हतो.

"शेवटचं वाक्य पुन्हा म्हण," झोसिमास म्हणाला.

"लिहून घेतलंय की त्यांनी. वाच."

"म्हण."

"त्याला माझ्यासारखा धनी देऊ नको."

झोसिमास तसाच उभा होता. "अकरा वर्षं त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबलो होतो रे," तो म्हणाला, "आणि ऐकवलास तो तू, मेल्या!" मग त्याने त्या तोतयाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि सगळ्या सभेसमोर हंबरडा फोडला. शिपाई दोरखंड हातात घेऊन उभे होते, आणि त्याचं रडणं संपेपर्यंत महाबिशपांनीही त्यांना पुढे व्हायला सांगितलं नाही.